हेवा, हसद आणि गिब्ता



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी कित्येकांना तो चमत्कारिक वाटला असेल. वसंतातल्या या ज्ञानसत्रात राजकारण, अर्थकारण, इतिहास, फार तर एखादा वाङ्मयीन वाद, अशा विषयांची आपल्याला सवय. एका इंग्रजी शब्दाला अरबीत प्रतिशब्द कोणते, या प्रश्नाशी आपल्या गावाचा काय संबंध, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. त्याला आमचे उत्तर इतकेच की, शब्द इंग्रजी असला तरी त्यामागची भावना आपल्या आळीत, आपल्या कचेरीत, फार काय आपल्या घरातही नांदते आहे. तो शब्द म्हणजे ‘एन्व्ही’. शाळेतल्या कोशात त्याच्यापुढे हेवा, मत्सर, असूया असे तीन-चार शब्द ओळीने दिलेले असतात आणि विद्यार्थी त्यांतला हाताला येईल तो उचलतो. ते सगळे शब्द एकच आहेत काय, आणि नसतील तर त्यांतला फरक ओळखल्याने माणसाच्या वागण्यात काही फरक पडतो काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

भावना दाखवणारे शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना सहसा जसेच्या तसे राहत नाहीत. मराठीचाच अनुभव पाहा. फारसीच्या मध्यस्थीने कितीतरी अरबी शब्द बहामनी आणि आदिलशाही काळात आपल्याकडे आले व घरचेच होऊन बसले. ‘हौस’ हा त्यांतलाच. अरबीत त्याचा मूळ अर्थ वेड, डोक्यात भरलेला भ्रम. उर्दूत तोच शब्द ‘हवस’ होऊन वासनेकडे झुकला. आणि मराठीत? मराठीत आई हौसेने मुलीला परकर-पोलके शिवते. ‘फिकीर’ म्हणजे अरबीत विचार. आपल्याकडे येईपर्यंत त्या विचाराची काळजी झाली. तात्पर्य, कोशात दोन शब्द समोरासमोर मांडलेले दिसले म्हणजे त्यांचे वजन सारखे असते असे नाही. प्रत्येक शब्द आपल्या समाजाचा अनुभव बरोबर घेऊन येतो.

आता ‘एन्व्ही’कडे वळू. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन मूळ शब्द ‘इन्विदिया’. त्यात ‘पाहणे’ या अर्थाचा धातू आहे. दुसऱ्याकडे वाकड्या नजरेने पाहणे, हा त्याचा मूळ भाव. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ‘त्याला दुसऱ्याचे चांगले बघवत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमकी तीच कल्पना बोलत असतो. आपल्याकडे शेजाऱ्याची बढती डोळ्यांत खुपते, आणि गोंडस बाळाला दृष्ट लागते. इटालियन महाकवी दांते याने आपल्या महाकाव्यात शुद्धिलोकाचे वर्णन करताना मत्सरी जीवांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या दाखवल्या आहेत. ज्या इंद्रियाने पाप केले त्यालाच शिक्षा, हे त्यातले तर्कशास्त्र.

पण इंग्रजीत या शब्दाचे पुढे काय झाले? एकीकडे ख्रिस्ती धर्मपरंपरेने तो सात महापातकांत बसवला. दुसरीकडे रोजच्या बोलण्यात तो अगदी सौम्य झाला. मित्र काश्मीरला निघाला की इंग्रज त्याला म्हणतो, मला तुझी एन्व्ही वाटते. यात कोणालाही पापाचा वास येत नाही. ती स्तुतीच असते. म्हणजे महापातक आणि शिष्टाचार या दोहोंना एकच शब्द.

त्यात ‘जेलसी’ या दुसऱ्या शब्दाने घोटाळा वाढवला. तो मूळचा ग्रीक ‘झेलॉस’. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात दोन भावना स्वच्छ वेगळ्या केल्या आहेत. आपल्यासारख्याच माणसाला मिळालेले चांगले पाहून नुसते दुःख होणे, ही एक. तिला त्याने हीन ठरवले. आणि तसे चांगले आपल्याजवळ नाही म्हणून दुःख होऊन ते मिळवण्याची उमेद वाटणे, ही दुसरी. तिला त्याने चांगल्या माणसाची भावना म्हटले. या दुसरीचे नाव ‘झेलॉस’. दैवाची गंमत अशी की, त्या सद्भावनेच्या नावापासूनच पुढे इंग्रजीत ‘जेलसी’ हा शब्द निघाला. आज त्याचा काटेकोर अर्थ आहे, आपले माणूस किंवा आपले स्थान तिसरा कोणी हिरावून नेईल ही धास्ती. एन्व्हीला दोन माणसे पुरतात, जेलसीला तीन लागतात. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोला, म्हणजे देवलांच्या ‘झुंझाररावा’ला, जेलसीने ग्रासले होते. त्याच्या कानाला लागणाऱ्या इयागोच्या पोटात मात्र एन्व्ही होती. इतका मोठा फरक असूनही बोलण्यात इंग्रज मनुष्य दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो.

आता अरबी भाषेच्या दारात जाऊ. येथे आपल्याला तीन स्वतंत्र शब्द भेटतात: हसद, गिब्ता आणि गैरा.

हसद म्हणजे दुसऱ्याजवळचे सुख नाहीसे व्हावे अशी इच्छा. ते मला मिळावे असेही नाही, मुख्य म्हणजे त्याचे जावे. गिब्ता म्हणजे दुसऱ्याजवळ आहे तसे मलाही मिळावे ही इच्छा, मात्र त्याचे जावे असे मनात न येता. आणि गैरा म्हणजे जे माझे आहे त्यात दुसऱ्याचा वाटा सहन न होणे. मघाशी आम्ही बोलता बोलता ‘गैर’ हा शब्द वापरला. ‘गैरा’ त्याच धातूचा. अरबीत ‘गैर’ म्हणजे इतर, वेगळा. आपल्या गैरहजर, गैरसोय, गैरसमज या शब्दांत तोच बसला आहे. आपल्या माणसाच्या आणि आपल्या मध्ये हा ‘इतर’ शिरला की जे वाटते ते गैरा. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ १९१६ साली रंगभूमीवर आले, त्यातल्या फाल्गुनरावाला सगळा वेळ हेच वाटत असते. त्या गैराचे मूळ केवळ गैरसमजात आहे, म्हणून आपण हसतो. अरबी समाजात मात्र ही भावना सर्वस्वी वाईट मानत नाहीत. स्वतःच्या कुटुंबाच्या अब्रूविषयी जागरूक असणे हा तिचा चांगला पैलू, आणि उर्दूत ‘गैरत’ म्हणजे स्वाभिमान. अति झाली की तीच घर जाळते, हेही त्यांना ठाऊक आहे.

हसद आणि गिब्ता यांच्या जन्मकथा जुन्या अरबी कोशांत मोठ्या मौजेच्या आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस इब्न मंझूर या पंडिताने ‘लिसान अल्-अरब’ नावाचा प्रचंड कोश रचला. त्यात एका आधीच्या कोशकाराचे मत नोंदवले आहे की, हसद हा शब्द गोचिडीच्या एका नावावरून निघाला. गोचीड कातडी सोलून रक्त पिते, तसा हसद काळीज सोलतो. भाषाशास्त्राच्या कसोटीला ही व्युत्पत्ती उतरो वा न उतरो, मानसशास्त्राच्या कसोटीला ती पुरेपूर उतरते. गोचीड शेजाऱ्याला लागत नाही, ज्याच्या मनात हसद असतो त्याच्याच काळजाला ती चिकटते. उलट गिब्ता ज्या धातूपासून आला त्याचा एक जुना अर्थ आहे, मेंढ्याच्या अंगावर हात दाबून तो किती पुष्ट आहे हे अजमावणे. आपल्या आठवड्याच्या बाजारात बोकड घेणारा मनुष्यही तेच करतो. त्या हातात द्वेष नसतो, असला तर कौतुकाचा अंदाज असतो. पुढे या शब्दाला इतकी प्रतिष्ठा आली की आजच्या अरबीत गिब्ता म्हणजे आनंद, कृतार्थता असाही अर्थ होतो, आणि पौर्वात्य ख्रिस्ती पंथांच्या अरबी बोलणाऱ्या धर्मगुरूंना, म्हणजे पॅट्रिआर्कांना, याच शब्दाने आदरार्थी संबोधतात. आपल्या ‘हेव्या’ला अशी बिरुदावली कधी मिळेल असे वाटत नाही!

मित्र काश्मीरला निघाला तर जाणता अरब ‘मला तुझा हसद वाटतो’ असे म्हणणार नाही. ते अभद्र होईल. तो गिब्ता या धातूचे क्रियापद वापरील. हसद म्हटला की त्याला वाईट नजर आठवते. कुराणातल्या शेवटून दुसऱ्या अध्यायात हसद करणाऱ्याच्या उपद्रवापासून आश्रय मागितलेला आहे. कोणाचे मूल, घर, पीक यांची स्तुती करताना ‘माशाअल्ला’ म्हणण्याची चाल त्यातूनच दृढ झाली. हे सारे परमेश्वराच्या इच्छेने झाले आहे, माझी नजर त्यावर नाही, अशी ती कबुली. आपल्या आया बाळाला तीट लावतात, मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात. दृष्ट लागण्याला आपण ‘नजर लागणे’ म्हणतो, तेव्हा नजर हा शब्दही अरबीच वापरत असतो. साधने वेगवेगळी, भय एकच.

येथे एखादा चिकित्सक श्रोता आम्हाला अडवील. तो म्हणेल, पैगंबरांच्या एका प्रसिद्ध वचनाचा आशय असा आहे की, हसद दोनच माणसांविषयी करावा: एक, संपत्ती मिळाली असता ती सत्कार्यी वेचणारा, आणि दुसरा, ज्ञान मिळाले असता त्याप्रमाणे वागून ते इतरांना देणारा. मग हसद वाईट कसा? शंका योग्य आहे, आणि अरबी भाष्यकारांनाही ती आली होती. त्यांचा निर्वाळा असा की, तेथे शब्द हसद असला तरी अर्थ गिब्ता घ्यायचा. यावरून एक गोष्ट दिसते. बोलण्यात दोन शब्दांची सरमिसळ अरबीतही होते. तिथल्या पंडितांनी मात्र ती सरमिसळ चालू दिली नाही. त्यांनी भेद सांगितला, आणि पुन्हा पुन्हा सांगितला.

हा भेद सगळ्यांत खोल जाऊन मांडला तो गझालीने. जन्म १०५८, मृत्यू ११११. बगदादच्या निझामिया विद्यापीठात मुख्य आचार्याचे पद, शेकडो शिष्य, दरबारी मान, हे सर्व असताना १०९५ साली त्याने पद सोडले. आपण शिकवतो ते सत्यासाठी की कीर्तीसाठी, या प्रश्नाने त्याला पछाडले होते, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. धर्मविद्यांच्या पुनरुज्जीवनावरील आपल्या महाग्रंथात त्याने क्रोध, आकस आणि हसद यांवर एक पूर्ण भाग लिहिला आहे. विद्वानांचे आपसांतले मत्सर ज्याने जवळून पाहिले अशा माणसाचे ते लिखाण आहे.

त्याने हसदाच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिली, दुसऱ्याचे सुख जावे, मग ते मला मिळो वा न मिळो. दुसरी, त्याचेच सुख, त्याचेच घर, त्याचीच गादी मला मिळावी. तिसरी, तसेच मला मिळावे, पण मिळत नसेल तर त्याचेही राहू नये. चौथी, तसेच मला मिळावे, न मिळाले तरी त्याचे सुखाने राहो. ही चौथी पायरी म्हणजे गिब्ता. संसारातल्या साध्या गोष्टींत गझाली तिला मोकळीक देतो, आणि धर्मकर्तव्याच्या बाबतीत तर ती असलीच पाहिजे म्हणतो. पहिल्या पायरीची कथा आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. देव प्रसन्न झाला, पण अट अशी की तू मागशील त्याच्या दुप्पट शेजाऱ्याला. भक्ताने मागितले, माझा एक डोळा जावो. लॅटिन नीतिकथांतही हीच कथा आहे. यावरून हा भक्त केवळ आपल्याच गावचा नाही, एवढे समाधान आपल्याला मिळू शकते.

पण खरी मेख तिसऱ्या पायरीत आहे. गझाली म्हणतो की चौथीवर उभा असलेला माणूस नकळत तिसरीवर घसरतो. आधी वाटते, त्याच्यासारखे व्हावे. प्रयत्न फसतो. मग अंतर तर सलत राहते. अंतर मिटवण्याचे मार्ग दोनच, एक तर मी वर चढावे, नाही तर त्याने खाली यावे. पहिला मार्ग बंद झाला की मन दुसऱ्याकडे पाहू लागते. यातून सुटलेला माणूस विरळा, हे तो मान्य करतो, आणि एक कसोटी देतो. समजा, त्या माणसाचे सुख काढून घेण्याची सत्ता तुझ्या हाती आली, तर तू काय करशील? हात आपसूक पुढे होईल, की विवेक त्याला आवरील? आवरील, तर मनात क्षणभर उमटलेल्या भावनेचा दोष तुला नाही. किती माणसे जाणून घेऊन ही कसोटी लावली आहे पाहा! मनात काय येते ते आपल्या स्वाधीन नसते, त्याला आपण होकार देतो की नकार, ते मात्र असते.

आता घरी परत येऊ. मराठीला हा भेद ठाऊक नाही काय? आमचे म्हणणे असे की, मराठीला तो पक्का ठाऊक आहे, पण तिने तो नामांपेक्षा क्रियापदांत ठेवला आहे. ‘मला तुझा हेवा वाटतो’ हे वाक्य मैत्रीत चालते. ‘तो माझा हेवा करतो’ ही मात्र तक्रार आहे. हेवा तोच, पण ‘वाटणे’ आणि ‘करणे’ यांत गझालीची कसोटी लपलेली आहे. जे वाटते ते आपोआप येते, जे करतो त्याला आपण जबाबदार. जुन्या मराठी ग्रंथांत हेवा हा शब्द हाव, आवड या अर्थीही आढळतो, म्हणजे तो जन्मतः खलपुरुष नव्हता. दाव्याशी जोडी जमल्यावर, ‘हेवेदावे’ झाल्यावर, तो पुरता बिघडला.

ईर्षा या शब्दाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. संस्कृतातली ईर्ष्या म्हणजे दुसऱ्याचा उत्कर्ष सहन न होणे. मराठीत मात्र मुलगा ईर्षेने अभ्यास करतो, पैलवान ईर्षेने कुस्ती मारतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. अरबीत याला समांतर शब्द आहे ‘मुनाफसा’, म्हणजे चढाओढ, आणि त्याच्या धातूत मौल्यवानपणाचा अर्थ आहे. मौल्यवान गोष्टीसाठी केलेली चढाओढ ती मुनाफसा. राहिले मत्सर आणि असूया. अमरसिंहाच्या कोशात मत्सराचा अर्थ दुसऱ्याच्या शुभाचा द्वेष असा दिला आहे, म्हणजे तो तंतोतंत हसद. असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांवरच दोषाचा आरोप करणे. ‘पहिला आला खरा, पण परीक्षक ओळखीचे होते ना!’ ही शुद्ध असूया. अरबीपेक्षा आपल्या परंपरेने येथे एक पाऊल पुढे टाकले, असे म्हणायला हरकत नाही. तिने मत्सराला सहा शत्रूंत घातले आणि त्याच्यावर औषधही सांगितले: मुदिता. सुखी आणि पुण्यवान माणूस पाहून आनंद होणे, हा त्या शब्दाचा अर्थ. पतंजलीच्या योगसूत्रांत आणि बौद्धांच्या साधनेत त्याला मानाचे स्थान आहे. गिब्ता म्हणते, मलाही मिळो. मुदितेला तेवढेही मागायचे नसते. ती उंच आहे, म्हणूनच सामान्य माणसाच्या हाताला सहसा लागत नाही. गिब्ता लागते.

कोणी म्हणेल, शब्द नसला म्हणून भावना थोडीच नसते? बरोबर आहे. डच भाषेतही सौम्य आणि विखारी अशा दोन हेव्यांना दोन शब्द आहेत. तेथील मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या भाषेत एकच शब्द आहे अशा अमेरिकन लोकांचे अनुभवही त्यांनी तपासले. तेव्हा तेथेही दोन निराळे अनुभव आढळले: एक माणसाला वर चढायला लावणारा, दुसरा वरच्याला खाली ओढायला लावणारा. तेव्हा भावना दोन्हीकडे आहेतच. पण नाव असले की ओळख लवकर पटते. घरात अंधारात दोरी आणि साप दोन्ही असतील, तर दोहोंना एकच नाव असणे सोयीचे नाही.

आणि येथेच हा विषय कोशाबाहेर येतो. आपण मुलांना काय सांगतो? ‘शेजारच्या मुलाकडे बघ, त्याला किती मार्क!’ आपला हेतू गिब्तेचा, ईर्षेचा असतो. पण मुलगा खटपट करूनही मागे पडला, की तिसरी पायरी त्याच्यापुढे येते, आणि पुढच्या वर्षी शेजारचा मुलगा नापास झाला तर याच्या चेहऱ्यावर हसू दिसते. ते हसू त्याला आपणच शिकवलेले असते. त्याला गुण दाखवावा, अभ्यासाची रीत दाखवावी. माणूस समोर उभा करून रोज मोजमाप घेऊ नये.

गझालीचे आणखी एक निरीक्षण सांगून आम्ही आटोपते घेतो. तो म्हणतो, हसद दूरच्याशी होत नाही, एकाच वाटेने चालणाऱ्यांत होतो. विद्वानाला विद्वानाचा, व्यापाऱ्याला व्यापाऱ्याचा, चांभाराला चांभाराचा. चांभार कापडवाल्याचा हसद करीत नाही. कारण दोघांचे लक्ष्य एक आणि जागा अपुरी, तेथेच धक्काबुक्की होते. पैसा असा आहे की एकाच्या हाती आला तर दुसऱ्याच्या हातून जातो. अधिकाराची खुर्ची एकच असते. लोकांच्या मनातला मानही असाच वाटून घ्यावा लागतो. ज्ञानाचे तसे नाही. एका माणसाच्या मनात ते भरले म्हणून दुसऱ्याचे मन रिते होत नाही. म्हणून ज्ञानाच्या क्षेत्रात हसदाला मुळात जागाच नाही, आणि जेथे विद्वानांत तो दिसतो तेथे त्यांना ज्ञान नको असते, ज्ञानाने मिळणारी गादी हवी असते.

श्रोतेहो, हे केवळ बगदादचे सत्य नाही. ज्या गावातल्या लोकांना हव्याशा वाटणाऱ्या वस्तू सगळ्या खुर्चीसारख्या असतात, तेथे हेवेदावे संपत नाहीत, मग तेथे कितीही कीर्तने-प्रवचने होवोत. त्या गावाने वाटून न सरणाऱ्या गोष्टींची आवड वाढवली, ग्रंथालय, गायन, व्यायामशाळा, शास्त्राभ्यास यांची गोडी लावली, तर तेथे ईर्षेला वाव मिळतो आणि मत्सराला भूक कमी लागते. अशा व्याख्यानमाला आपल्या वाडवडिलांनी काढल्या आणि वर्गणी गोळा करून चालवल्या त्या याचसाठी. आज येथे आपण जे ऐकले असेल, ते कमी असो वा अधिक, ते आपण घरी नेल्याने शेजारच्या खुर्चीवरल्या गृहस्थांच्या वाट्याचे काही कमी होणार नाही. उलट उद्या सकाळी ओट्यावर बसून दोघांनी त्यावर वाद घातला, तर ते दोघांजवळही थोडे वाढेल.